बाळाचं वजन आणि आईचं एचबी

(बिबवेवाडी, पुणे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची लिखित संहिता)



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून पुण्याला ऐकायची सवय आहे. पण बाळंतिणीचं रक्त हा विषय त्या काळी व्यासपीठावर येणं शक्य नव्हतं आणि आजही तो सहसा येत नाही. या भागात बाळंतपणं करण्यात हयात घालवलेल्या एका परिचारिकेच्या स्मरणार्थ तुम्ही ही व्याख्यानमाला चालवता. म्हणून संयोजकांना मी म्हटलं, की विषय त्यांच्याच कामातला घेऊ या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गरोदर बाईचं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, आपण पुन्हा पुन्हा तपासतो. बाळंत झालेल्या बाईचं मात्र तपासायचं राहून जातं. सरकारी कार्यक्रमात स्तनदा मातेचा उल्लेख नाही असं नाही. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या 2018 च्या कार्यक्रमात तिच्यासाठी 180 दिवसांच्या गोळ्या आहेत. पण जी तपासणी ठरावीक दिवसाला बांधलेली नसते, ती कुणाकडूनच होत नाही. म्हणून आईच्या तपासणीला एक पक्का दिवस हवा, आणि तो आपल्याकडे आयता आहे. तो कोणता, ते शेवटी सांगतो.

गरोदरपणात बाईच्या हातात माता व बाल संरक्षण कार्ड असतं. दर खेपेला त्यावर वजन, रक्तदाब, एचबी चढतं. बाळ जन्माला आलं की सगळ्यांचं लक्ष कार्डाच्या पुढच्या पानांकडे जातं, आणि ती पानं बाळाची असतात. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची इंजेक्शनं, वजनाचा आलेख, पुढची तारीख. केंद्रावर बाळ तराजूत ठेवलं जातं. शेजारी त्याची आई उभी असते, कधी खांबाला टेकून. तिला कुणी बस म्हणालं, तर नशीब.

आता आकडे बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा 57 टक्के. महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांमध्ये तो 45.7 टक्के होता. म्हणजे गरोदरपणात रक्त वाढतं की काय, असं कुणाला वाटेल. तसं नाही. गरोदर बाईसाठी रक्तक्षयाची रेषा 11 ग्रॅमवर आखलेली आहे आणि इतर बायकांसाठी 12 वर. रेषा खाली आली की तिच्याखाली सापडणाऱ्या बायका कमी होतात, एवढाच त्याचा अर्थ.

ही रेषा खाली का आणली, हे समजलं की पुढचं सगळं समजतं. गरोदरपणात शरीरातला रक्ताचा पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतो. लाल पेशी वाढतात त्या वीस-तीस टक्क्यांनीच. पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढवावं, तसा हा प्रकार आहे: आमटी जास्त, पण पातळ. हे स्वाभाविकच आहे. मात्र याच काळात बाळासाठी, वारेसाठी आणि स्वतःच्या वाढलेल्या पेशींसाठी आईला एकूण सुमारे 1,000 मिलिग्रॅम लोह लागतं. ते गोळ्यांतून आणि ताटातून आलं नाही, तर साठ्यातून जातं. बऱ्याच बायकांच्या अंगात तेवढा साठा मुळातच नसतो.

मग बाळंतपण. नैसर्गिक बाळंतपणात अर्धा लिटरपर्यंत रक्त गेलं तर आपण ते नेहमीचं धरतो. 12 एचबी असलेल्या बाईचं अर्धा लिटर रक्त म्हणजे सुमारे 200 मिलिग्रॅम लोह. सिझेरियनमध्ये त्याहून जास्त. त्यानंतर काही आठवडे अंगावर जातं ते वेगळं. निसर्गाने भरपाईची सोयही केली आहे. अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी काही महिने लांबते आणि दुधातून लोह फार थोडं जातं. साठा बरा असेल तर काही महिन्यांत गाडी रुळावर येते. ज्या बाईने गरोदरपणच 9 एचबीवर काढलं, तिची येत नाही. वर्षा-दीड वर्षात पुन्हा दिवस गेले, तर दुसरं बाळंतपण ती पहिल्याची उधारी घेऊनच सुरू करते.

आता प्रश्न ओळखण्याचा. रक्त कमी असलेली बाळंतीण काय सांगते? ‘चक्कर येते’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’, ‘जिना चढला की धाप लागते’, ‘छातीत धडधडतं’, ‘पाय गळून गेल्यासारखे वाटतात’, ‘उगाच रडू येतं’. यातल्या प्रत्येक वाक्याला घरात उत्तर तयार असतं: बाळंतीण आहे, रात्रभर जागते, व्हायचंच असं. सासू तेच सांगते, शेजारीण तेच सांगते आणि घाईत असलेला डॉक्टरही कधी कधी तेच सांगतो. थकव्याला इतकं सरळ कारण समोर असताना दुसरं कारण कुणी शोधत नाही. एखादी पाटीवरची पेन्सिल, खडू नाहीतर कच्चे तांदूळ खात असते. ते लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, पण घरात त्यावरून तिची चेष्टा होते किंवा तिला ओरडा बसतो.

डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, जीभ, नखं आणि तळहात बघायचे, ही जुनी रीत आहे आणि ती सोडू नये. पांढरी फटक पडलेली बाई त्यात नक्की कळते. पण ट्यूबलाइटखाली, दुपारच्या गर्दीत, 9 आणि 11 मधला फरक डोळ्यांना कळत नाही. लक्ष द्यायला हवं ते याच मधल्या बायकांकडे, कारण संख्या त्यांची जास्त असते.

डोळ्यांच्या अंदाजाची हीच गोष्ट रक्तस्रावालाही लागू आहे. बाळंतपणात किती रक्त गेलं हे आपण वर्षानुवर्षं डोळ्यांनी ठरवत आलो: चादर किती भिजली, घड्या किती लागल्या. हा अंदाज बहुतेक वेळा कमी निघतो, आणि स्राव जितका जास्त, तितकी चूकही मोठी. या बाबतीत आपल्या शेजारच्या बेळगावने जगाला एक साधी वस्तू द्यायला हातभार लावला, हे फारसं कुणाला माहीत नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर आणि त्यांचे अमेरिकी सहकारी यांनी मिळून प्लास्टिकचं एक अंथरूण बनवलं. बाळ बाहेर आलं की ते बाईच्या खाली सरकवायचं आणि त्याच्या नाड्या तिच्या कमरेला बांधायच्या. त्याचा खालचा भाग नरसाळ्यासारखा निमुळता होत मिलिलिटरच्या खुणा असलेल्या पिशवीत उतरतो. रक्त पिशवीत जमतं आणि किती गेलं ते खुणेवर वाचता येतं. ते बनवणाऱ्या सात जणांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून त्याला ‘ब्रास-व्ही’ हे नाव दिलं.

त्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,620 बायकांवर एक चाचणी झाली. एका गटाला बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. त्या दिल्या गावपातळीवरच्या परिचारिकांनी. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्राव झालेल्या बायकांचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. निष्कर्ष 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे 2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या दोन लाखांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे मोजमापाची पिशवी वापरून ठरलेले उपचार लगेच सुरू केले, तिथे अतिरक्तस्रावाच्या 93 टक्के बायका वेळेत ओळखल्या गेल्या. नेहमीच्या पद्धतीत ओळखल्या गेल्या त्या 51 टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांचा स्राव खोलीत माणसं उभी असतानाही कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

रक्त गेलं किती हे कळलं, तरी उरलं किती हे वेगळं मोजावं लागतं. आमच्या पिढीने ते साहलीच्या नळीने मोजलं. बारीक नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल खुणेपर्यंत घ्यायचं. पिपेटने 20 मायक्रोलिटर रक्त ओढून त्यात सोडायचं, ढवळायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. रंग चहासारखा तपकिरी होतो. मग डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब घालत राहायचं, शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत. जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. यात सगळी मदार माणसाच्या नजरेवर, खिडकीतल्या उजेडावर आणि ती काच किती जुनी झाली आहे यावर. दहा मिनिटं न थांबता पाचव्या मिनिटाला आकडा लिहिला, तर तो हमखास कमी येतो. आता डिजिटल यंत्रं आली, मिनिटभरात आकडा दिसतो. तरी बोटाला टोचण्याची कला तीच राहिली. हात गार असेल तर आधी चोळून ऊब आणायची. पहिला थेंब पुसून टाकायचा. पुढचा आपोआप येऊ द्यायचा. बोट पिळून काढलेल्या रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि निकाल चुकतो. बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त यांच्या आकड्यांत फरक पडतो, म्हणून मोठ्या सर्वेक्षणांच्या निष्कर्षांवर तज्ज्ञांत वादही झाले. त्यामुळे शंका असेल तिथे शिरेतलं रक्त प्रयोगशाळेत पाठवून पूर्ण रक्तगणना करावी, हे उत्तम.

वेळही महत्त्वाची. बाळंतपणानंतर लगेच, सलाइन चालू असताना घेतलेल्या एचबीवर विसंबू नये. पहिले काही दिवस रक्तातल्या पाण्याचं प्रमाण बदलत असतं. साधारण 48 तासांनी, म्हणजे घरी सोडण्याच्या सुमारास एक आकडा घ्यावा, आणि सगळं स्थिरावल्यावर दीड महिन्याने दुसरा. सुरुवातीच्या दिवसांत 10 च्या खाली आणि दीड महिन्यानंतर 12 च्या खाली असेल तर रक्तक्षय धरावा, असा हिशेब बरेच डॉक्टर ठेवतात. 7 च्या खाली गेलं तर ती घरी बसून बरं व्हायची गोष्ट राहत नाही.

एचबी कमी आहे हे कळलं की लोहाची गोळी द्यायची, हे बहुतेकदा बरोबरच असतं. पण नेहमी नाही, आणि हा धडा महाराष्ट्राच्याच भूमीवर शिकला गेला. 1928 साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्या गरोदर बायकांच्या, विशेषतः गिरणगावातल्या गरीब कामकरी बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. या बायकांच्या लाल पेशी संख्येने कमी होत्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात; इथे उलटं होतं. विल्सबाईंनी बायकांच्या घरच्या जेवणाची चौकशी केली, तेव्हा ताटात भाजीपाला आणि फळं फार कमी सापडली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्तातला अर्क, गुणकारी ठरला. मग तो बायकांना दिला आणि त्या झपाट्याने सुधारल्या. 1931 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय होतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे 1941 मध्ये पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं, तेच हे फॉलिक आम्ल. आज आशाताई जी लाल गोळी देतात तिच्यात 60 मिलिग्रॅम लोहाबरोबर 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं, त्याच्या पाठीमागे परळचं हे काम आहे.

पुण्याने त्यात आणखी भर घातली. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये ब-12 जीवनसत्त्व कमी आढळलं. ब-12 कमी असलं तरी रक्तक्षय होतो आणि तो लोहाच्या गोळीने भरून निघत नाही. म्हणून महिनाभर गोळ्या नीट घेऊनही एचबी एका ग्रॅमनेसुद्धा वाढलं नाही, तर गोळ्यांचं नवं पाकीट देऊ नये, कारण शोधावं. पेशींचा आकार बघावा, ब-12 बघावं, घराण्यात थॅलेसेमिया किंवा सिकलसेल आहे का विचारावं. आणि सगळ्यात आधी प्रेमाने विचारावं, की गोळ्या खरंच पोटात गेल्या का? शौचाला काळं होतं, मळमळतं, बद्धकोष्ठ होतो, म्हणून कितीतरी पाकिटं फळीवर पडून असतात. काळं होणं स्वाभाविक आहे, हे एक वाक्य गोळी देताना सांगितलं, तर पुष्कळ पाकिटं वाचतील.

आता आपल्या दारात येऊ. बिबवेवाडीत कामगार राज्य विमा महामंडळाचं रुग्णालय आहे. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेली विमाधारक कामगार बाई बाळंत झाली, तर नियमांत बसल्यास तिला 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्याच रुग्णालयापासून थोड्या अंतरावर अप्पर इंदिरानगरमध्ये राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई या हिशेबात कुठेच नाही. बदली बाई कायमची होऊ नये म्हणून ती सव्वा महिना उलटला की कामावर रुजू होते. कामवाल्यांसाठी लिफ्ट चालते की नाही, हा प्रश्न निराळाच. चार मजले चढताना तिला लागणारी धाप कुणाच्या कार्डावर नोंदली जात नाही. पलीकडे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे मेथी, शेपू, पालकाचे ढीग उतरतात. त्या गड्ड्या निवडणाऱ्या, बांधणाऱ्या बाईच्या ताटात संध्याकाळी त्यातली भाजी किती पडते, हे कधीतरी विचारून बघा.

बाळंतिणीच्या जेवणाबद्दलही दोन शब्द. आपल्याकडे खुराकाची चांगली परंपरा आहे: डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, खारीक-खोबरं, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी. अळिवात लोह भरपूर आहे, पण दिवसाला चमचा-दोन चमचे अळीव खाऊन 8 चं एचबी 12 होत नाही. त्यातच अनेक घरांत बाळंतिणीला आंबट वर्ज्य असतं. लिंबू, आवळा, चिंच बंद. वनस्पतींमधलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते आणि आपण नेमकं तेच बंद करतो. जेवणावर चहा मात्र बिनदिक्कत चालतो, जो लोह अडवतो. तेव्हा जेवणात लिंबाची फोड येऊ द्या आणि चहा तास-दीड तास पुढे ढकला. लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची पांढरी गोळी एका वेळी घेऊ नका. हे बदल आजीबाईंनाही पटतात, लाडू बंद करा असं म्हटलं नाही की झालं.

आता तो दिवस. बाळाच्या दीड महिन्याच्या इंजेक्शनचा दिवस. या दिवशी बाळ येतं आणि बाळाबरोबर आई येतेच. केंद्र उघडं असतं, परिचारिका असते, नोंदवही असते. बाळाला टोचायचं त्याच खेपेला आईच्या बोटाला टोचावं, आकडा तिच्या कार्डावर तारखेसह लिहावा आणि कमी असेल तर उपचार तिथेच सुरू करावेत. महिनाभराने बाळाच्या अडीच महिन्यांच्या इंजेक्शनला ती पुन्हा येणारच आहे. तेव्हा एचबी वाढलं का ते बघावं. वेगळी मोहीम नको, वेगळा मांडव नको, आईला वेगळा खाडा नको. खाडा हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण रोजंदारीवरच्या बाईचा तपासणीचा दिवस हा पगार बुडण्याचा दिवस असतो.

दिवस बांधून दिला की काम होतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरोघरी काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू लक्षणीय कमी झाले. 1999 साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि 2011 मध्ये देशाने ती पद्धत उचलली. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जातात. त्या 42 व्या दिवसाच्या भेटीला लागूनच दीड महिन्याचं लसीकरण येतं. आशाताईंनी ‘बाळाला घेऊन या’ म्हणताना ‘आणि तुझंही एचबी बघून घेऊ’ एवढं जोडलं, तर साखळी पूर्ण होते.

पैशाचं एक उदाहरण देतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात आणि शेवटचा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि लसीकरण यांच्याशी जोडलेला आहे. आईचं एचबी कमी म्हणून कुणाचे पैसे अडवा, असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण योजना आईच्या नावाने आहे, तर त्या अर्जात आईच्या एचबीचा एक रकाना असायला हरकत कसली? रकाना असला की कुणाला तरी तो भरावा लागतो.

महापालिकेच्या दवाखान्यांनी, खासगी बालरोगतज्ज्ञांनी आणि प्रसूतिगृहांनी हे मनावर घेतलं, तर बिबवेवाडीपुरतं ते पुढच्या महिन्यापासून करता येईल. बालरोगतज्ज्ञांना माझी खास विनंती आहे, कारण बाळ जन्मल्यावर आईची गाठ स्त्रीरोगतज्ज्ञापेक्षा तुमच्याशीच जास्त पडते. आणि तुम्हा सगळ्यांना सांगायचं ते असं. तुमच्या घरात, शेजारात किंवा तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या घरात बाळंतपण झालं असेल, तर बाळ कुणावर गेलंय हे जरूर विचारा. त्याच्या पाठोपाठ तिचं एचबी कधी तपासलं आणि किती आलं, हेही विचारा. ‘बरी आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे. उत्तर आकड्यात आणि तारखेत हवं. तासाभरात पॅड भिजत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, उभं राहताच घेरी येत असेल, तर प्रश्न विचारत न बसता तिला रुग्णालयात न्या. आणि ती तुमच्याकडे काम करत असेल, तर तपासणीच्या दिवसाचा पगार कापू नका.

आता प्रश्न विचारा. आयांनी आधी विचारावेत, अशी विनंती आहे.